बाराचा आकडा

४ फेब्रुवारी

पुन्हा बावीस किलोवॅट! धान वर चढवणाऱ्या एका एलेव्हेटरला! एच. डी. कोटे गावची राइस मिल आहे ती, जहाज नव्हे.

मोटर कशी फुगते ते आज धरलंच. लोडचा हिशेब काढणारे गुंडुरावकाका गुपचूप पाव हिस्सा वाढवून देतात. त्यावर तिरुमलराव साहेब आपला पाव चढवतात. त्यावर मोटर-ड्राइव्ह निवडताना मी! कुणाचाच कुणावर भरवसा नाही. मग ती मोटर जन्मभर अर्ध्या लोडवर चालते नि गिऱ्हाईक भुर्दंड भरतं.

५ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये सांगून टाकलं — यापुढे मार्जिन एकच, शेवटी, आणि ते मी ठेवणार. साहेब म्हणाले, "मोटर कमी पडली तर?" म्हटलं, "माझं नाव लिहा." लिहिलं! 'पुण्याहून येऊन आम्हाला शिकवते,' असं मागे कुणीतरी कन्नडमध्ये पुटपुटलं. एवढं कन्नड येतं मला. शिकवणारच!

काकांना वेगळं गाठलं. "खरा आकडा द्या, काका. वरचं काही नको." ते हसले. "नोडम्मा (बघ बाई), इतक्या वर्षांत असा कोण मागितलाच नाही."

९ फेब्रुवारी

काकांचा आकडा आला — बारा. लबाड! यातही त्यांचा पाव असणारच. सवय अशी सुटते होय? विचारलं तर रुसतील. मीच सव्वाने भागून काढून टाकला. उरले साडेनऊ, त्यावर माझं मार्जिन, अकराची मोटर. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. झोकात सही ठोकली.

२ मार्च

साहेब अजून म्हणतात, एक मोठी मोटर जवळ असू दे. नको म्हणजे नको!

१७ मार्च

मिलमध्ये चाचणी. रिकामा एलेव्हेटर झकास पळाला. अर्ध्या भरल्या बादल्यांवरही. पूर्ण भरल्या — थोडा वेळ चालला आणि ड्राइव्ह ओव्हरलोडवर बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. मिलवाला बघत उभा.

पण माझी पद्धत चुकलेली नाही! आकडा काकांचा होता. उद्या त्यांना सोडत नाही.

१८ मार्च

काका शांतपणे चहा ढवळत होते. "बाराच लागतात, नोडम्मा. तू खरा मागितलीस, म्हणून खरा दिलो. अष्टे, तेवढंच. अजून काय?"

पंधराची मोटर मागवली. माझ्या नावावर.

काकांनी पहिल्यांदाच कुणावर तरी भरवसा ठेवला होता. मी नाही ठेवला.