लालासाहेबाच्या मिशीची गॅरंटी

उंब्रज, ८ फेब्रुवारी २०२६

चि. लालासाहेबास दादासोचा आशीर्वाद, वि. वि.

तुझी आक्का शालूबाई तुझ्यावर चिडलेली हाय, म्हणजे तब्येत उत्तम. फोनच करणार होतो, पण आमचा फोन स्पीकरवरच बोलतो आणि पारावर कान लय. म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोतून.

जत्रेतल्या आपल्या जीप-शर्यतीचं अवघड झालंय. गेल्या साली सगळ्यांना तुझेच रिमोल्ड टायर बसवले, तिथंच चुकलं. टायर झिजंना, कोणी बदलायला थांबंना, कोणी कोणाला मागं टाकंना. पहिल्या वळणाला पुढं होता, तोच शेवटाला पुढं. माईकवाला बोलता बोलता झोपला. लोकांनी त्याचं घोरणं मन लावून ऐकलं. यंदा कमिटी माळावर पाककला स्पर्धा घ्यायची म्हणतीय. तवा लवकर झिजतील असे टायर कर.

तुझा,
दाजी


पलूस, १२ फेब्रुवारी

ती. दाजींस सा. न. वि. वि.

आवं, टायर टिकत न्हाई म्हणून भांडणारे रोज येतात. टिकतो म्हणून भांडणारे तुमी पहिलेच! पंक्चरच्या टपरीपासून जुन्या टायरवर नवं रबर चढवायचा धंदा उभा केला तो एका शब्दावर. माझ्या साच्यातच मिशी कोरलीय आणि खाली, ‘वर्षात गुळगुळीत झाला तर ही उतरवीन.’ प्रत्येक टायरच्या बगलेवर ठसा उठतोच. आमच्या मंडळींनी मला मिशीशिवाय कधी बघितलेलं न्हाई. या वयात त्यांना धक्का कशाला?

आक्काला नमस्कार. राग धरू नये, धरलाच तर हलका धरावा.

लालासाहेब


उंब्रज, १६ फेब्रुवारी

लालासाहेबास,

मिशी मोठी का दाजी? उत्तर नको. यंदा धोंड्याचा महिना हाय. तुझ्या घरचं जावयाचं जेवण आणि वाण मला वर्ज्य. तेहतीस अनारसे तूच खा. आक्का एकटी येते म्हणाली. मी म्हटलं, खुशाल जा, बघू कोण ओवाळून घेतंय ते.

दादासो


पलूस, २० मार्च

ती. दाजींस सा. न.

जावई उपाशी राहिला तर वर गेलेले तुमचे सासरे, आमचे आबा, मला सोडणार न्हाईत. टायर धाडलेत. रबर मऊ हाय: पिदडून पळवला तर खोडरबरागत उडंल, जपून पळवला तर साथ दील. बाकी शर्यतीत टायरची बगल कोण वाचतंय!

लोभ हाय तेवढा ठेवावा, वाढवू नये, परवडत न्हाई.

लालासाहेब


उंब्रज, ६ एप्रिल

चि. लालासाहेबास आक्काचा आशीर्वाद.

काय शर्यत झाली रं! पुढं पळणाऱ्यांचे टायर निम्म्यातच गुळगुळीत. एकजण टायर बदलायला थांबला, दुसरा हट्टानं पळवत राहिला तो टायरच्या आतल्या तारा दिसंपर्यंत. घडीघडीला पुढचा मागं आन मागचा पुढं. महाबळेश्वरची भामाबाई रोज जीपनं स्ट्रॉबेरी पोचवती, तशीच जपून चालवत होती. शेवटून निघाली, पहिली आली. माईकवाल्याचा घसा बसला. तुझ्या दाजींनी अनोळखी माणसाला मिठी मारली.

मग भामाबाईला उचलून घेताना कोणीतरी टायरच्या बगलेवरचा ठसा वाचला. तवापासून गाव एकच मागतंय: मिशी. हे म्हणतात, विसरतील लोक. मी म्हणते, न्हाई विसरणार. तू तुझं बघ.

आक्का


पलूस, ९ एप्रिल

ती. आक्कास सा. न.

शब्द तो शब्द. सोबत पाकिटात मिशी धाडली हाय, पोचल्याचं कळव. मंडळींनी मला दारातच विचारलं, कोणाचा टायर न्यायला आलात. त्या आता जरा बोलतात. दाजींना धोंड्याला घेऊन ये.

लालासाहेब


उंब्रज, १४ एप्रिल

चि. लालासाहेबास अनेक आशीर्वाद.

मिशी पोचली. कमिटीनं हातोहात फिरवून बघितली. अस्सल हाय असा ठराव झाला. पाककला बारगळली, शर्यत कायम, टायरही हेच. तक्रार एकच: मिशी घरात उतरवलीस. पुढच्या साली ती माळावर, सगळ्यांसमोर उतरली पाहिजे. म्हणून पुढच्या जत्रेची तारीख अजून काढलेली न्हाई. मिशी भरली की कळव, देवाला सांगून ठेवलंय.

इकडचा लोभ सध्या तुझ्या ओठावर हाय, जप.

तुझा,
दाजी