डाव्या हातातली काठी

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा आईवर चिडले. तिचा उजवा खुबा झिजलाय. चालताना अंगाच्या वजनाहून जास्त भार त्याच्यावर येतो, काठी डाव्या हातात धरली तर तो कमी होतो, असं डॉक्टरांनी किती समजावलं! तरी खासबागच्या बाजारात काठी उजव्याच हातात. काय म्हणावं हिला?

"आई, डाव्या हातात धर गं!"

"डावीकडनं तुझं आप्पा चालायचं न्हवं? त्यो हात काठीला कसा देऊ?"

खरंच की. हातमागावरनं उठली की आप्पांचा दंड धरूनच चालायची. डाव्या हातानं. म्हणजे इतकी वर्षं तिचा भार आप्पाच घेत होते.

आप्पा वारले आणि ती लंगडायला लागली. आम्ही म्हणत होतो, वय झालं.