वाळवलेला चिखल

दि. ७ ऑगस्ट

भाऊजींना नमस्कार.

सकाळी साडेआठला प्रयोगशाळा उघडली. फ्रीज पुसला. दुपारी ताईचं कपाट रिकामं केलं. तिचे गमबूट शिपाई घेऊन गेला. आपली प्रकृती ठीक असेलच. शोकसभेत तरी ठणठणीत दिसलात.

भाषणात ‘ती माझी सावली होती’ म्हणालात. सावली बरी गुडघाभर चिखलात उतरायची आणि आपण बांधावर छत्री धरून उभे! उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले. आपण उंटावरून खालीसुद्धा पाहिलं नाहीत.

ताईच्या वह्या ‘अभ्यासाला’ मागितल्यात. कसला अभ्यास ते कळलं. पाणी साचलेल्या शेतात बुरशीनाशक वीस दिवसांत संपतं, हा आपला शोध. त्यावर आपली खुर्ची. आपलं पत्रक वाचून लोक एकविसाव्या दिवशी ते पाणी खालच्या तळ्यात सोडतात. ताईच्या शेवटच्या वहीत मात्र नव्वदाव्या दिवशीही निम्म्याहून जास्त औषध शिल्लक आहे.

पाण्याखालच्या चिखलात हवा नसते, तिथे ते रेंगाळतं. आपले नमुने तपासणीआधी आठ दिवस खिडकीत, थाळ्यांत पसरून वाळवले होते. औषध शेतात नाही, आपल्या खिडकीत विरलं.

“अहो, चिखल ओलाच तपासा,” ताई म्हणाली होती.

“वास मारतो. आणि आता तू मला शिकवणार?” आपण म्हणालात, सगळ्यांसमोर.

थाळ्या कोणी पसरल्या, हे तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आपण तर विसरूनही गेलात. हाताखालच्या माणसाचे हात कोण लक्षात ठेवतो?

मी पसरल्या. चूक होतेय हे पहिल्याच दिवशी कळत होतं, पण ब्र काढला नाही. बहिणीपेक्षा साहेबांची मर्जी महत्त्वाची वाटली. तेव्हा आपल्याला नाकं मुरडायचा मला फारसा हक्क नाही. तरी मुरडतो.

दवाखान्यात तिने एवढंच विचारलं, “बरण्या फ्रीजमध्ये आहेत ना रे?”

आहेत. तिने शेतातल्या ओल्या चिखलाने भरलेल्या अकराच्या अकरा.

वह्या मिळणार नाहीत. त्यांची नक्कल आणि थाळ्या मी पसरल्याचा माझ्या सहीचा जबाब आज संचालकांकडे दिला. माझी नोकरी जाईल. आपली खुर्ची हलेल असं वाटत नाही. तिच्यावर बूड जड आहे.

ताईचा धाकटा

ता. क. सगळे घरी गेले. पहिली बरणी उघडली. वास येतो. दहा ग्रॅम चिखल ओलाच तोलून घेतला.