सड्यावरचं पांढरं फूल

१२ ऑगस्ट १९८६, मंगळवार
स्टाफरूममध्ये सुनीताचा नकाशा भिंतीवर. जुन्या सर्व्हेच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर: तेव्हाची झाडी हिरवी, आताची घरं तांबडी. खालच्या मांडवीकडून तांबडं पार सड्यावर, गावावरच्या कातळपठारावर चढलंय. प्राचार्य म्हणाले, "बॉटनीला अशी माणसं हवीत." मी तिथेच उभी. अठरा वर्षं त्याच बॉटनीला. ही पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली.
नकाशा चांगला आहे. तेच तर.

१७ ऑगस्ट, रवि.
प्राचार्यांच्या सांगण्यावरून तिला सड्यावर नेलं. कातळावर सीतेची आसवं फुललेली, निळंजांभळं नुसतं. ही खाली बसून बघत राहिली, साडी चिखलात. "बाई, अजून कुठे काही वेगळं आहे?"
"एवढंच," म्हटलं. आणि उत्तरेकडून खाली उतरवली. दक्षिणेच्या पाणथळ खोलगटाकडे मुद्दाम नेली नाही.

३१ ऑगस्ट, रवि.
एकटी गेले. फुललंय! करंगळीएवढं, पांढरं, देठाशी हिरवट. सहा वर्षं बघतेय, एकाही पुस्तकात जुळत नाही. दुसरीकडे कुठेही दिसलं नाही. मला ओळख पटली की मीच...
पण खोलगटाच्या कडेने चुन्याच्या रेघा, खुंट्या. भिकाजीकाका गुरं घेऊन होते. म्हणाले, "बाय, आता हितं बंगलं होनार. गुरां कुटं नेयाची?"
खुंट्या मोजत परत आले.

३ सप्टें., बुध.
सुनीता सांगत होती, सड्यावरच्या बंगल्यांचा लेआऊट, म्हणजे प्लॉटचा आराखडा, मंजुरीसाठी नगरपालिकेत आहे. मोकळी जागा सोडावीच लागते. ती कुठे, एवढंच ठरायचंय. इंजिनियर ऐकून घेणारा आहे. "फुलांची जागा मोकळी ठेवा म्हणून शुक्रवारी अर्ज देते, गणपतीच्या सुट्टीआधी. तुमच्या माहितीतलं काही राहिलं असेल तर सांगा हं, बाई."
"बघते," म्हटलं.
घरी ह्यांना बोलले. हे म्हणाले, "सांगून टाक. तुझं काय जातंय?"
काय जातंय! तिच्या नकाशावर तिच्या हाताने एक ठिपका, आणि खाली तिचं नाव. भात करपला.

५ सप्टें., शुक्र.
सांगितलं नाही. दोनदा तिच्या टेबलापर्यंत गेले. दुसऱ्यांदा ती कोणाला तरी हसून सांगत होती, बाईंकडून किती शिकायला मिळतं. परत फिरले. का, ते मलाच कळत नाही. कौतुक केलेलंही सोसत नाही.
दुपारी अर्ज दिला तिने.

२८ सप्टें., रवि.
तिने दाखवलेली जागा मोकळी ठेवणार, इंजिनियरने मान्य केलं. उत्तरेकडची. मी दाखवलेली.
दक्षिणेला डोझर फिरलाय. खोलगट बुजवला, वर चिऱ्यांचे तुकडे, लाल माती. हाताने उकरलं थोडं. कंद मिळाला नाही. नखात माती घेऊन घरी आले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" पडले म्हणून सांगितलं.
तिचा राग आला. तिचा! तिने काय केलं होतं?

५ ऑक्टो., रवि.
सु. आलीय घरी. मोठा नकाशा करतेय म्हणे, गेल्या अठरा वर्षांत काय काय गेलं त्याचा. "माझ्याकडे दोनच पावसाळ्यांच्या नोंदी. तुमच्या वह्यांशिवाय तो होणारच नाही. नाव तुमचं आधी घालायचं, मी प्राचार्यांना सांगून ठेवलंय."
कपाटातून सगळ्या वह्या काढून दिल्या. एक मागे ठेवायची होती. हे तिथेच उभे होते, त्यांनी तीच उचलून तिच्या हातात दिली. त्यात त्या फुलाचं चित्र आहे, जागेची खूण, सहा पावसाळ्यांच्या तारखा. शेवटची ३१ ऑगस्ट.
ती ओटीवर वाचत बसलीय. मी स्वयंपाकघरात. चहा उतू गेला, दुसरं आधण ठेवलंय. मघापर्यंत मधूनमधून "बाई, हे किती सुंदर!" अशी हाक येत होती.
आता दारातून दिसतंय: तिच्या मांडीवर तीच वही, फुलाच्या चित्राच्या पानावर उघडी.