तुमच्या बंधूंनी इंजिनात हवा कोंबली त्याची हकिकत

ती. वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त आठांपैकी जेवढी अंगं वाकतील तेवढ्यांचाच स्वीकारावा. कंबरेचं कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचं घोरणं उतरलं का, की तुम्हीच दुसऱ्या खोलीत उतरलात? इकडे सगळे खुशाल. म्हणजे माणसं खुशाल आहेत. गाडीचं इंजिन तेवढं वारलं.

तुमच्या बंधूंनी जुनी टर्बोची गाडी घेतली हे तुमच्या कानावर आहेच. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावणाऱ्या दातांच्या डॉक्टरला काहीतरी विरंगुळा हवा, हे मलाही पटतं. मला वाटलं होतं, बासरी शिकतील. पण ह्यांना आवाज करणारं काही हवं होतं. टर्बो म्हणजे काय, ते मला रोज जेवताना ऐकावं लागलं, तेव्हा आता तुम्हीही ऐका, मी एकटीनेच का सोसायचं? गाडीचा धूर बाहेर पडता पडता एक चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनात जादा हवा कोंबतं, जादा हवेबरोबर जादा पेट्रोल जळतं आणि गाडी पिसाळते. ह्या कोंबण्याच्या दाबाला बूस्ट म्हणतात. कंपनीने तो पॉइंट सहा ठेवला होता. कंपनीतली माणसं भित्री असतात, असं तुमच्या बंधूंचं मत पडलं.

मग गाठ पडली गॅरेजवाल्या मिस्त्रीशी. त्याला सगळे तोफखाना म्हणतात, कारण तो बोलायला लागला की आजूबाजूचे आडोसा शोधतात. (त्याने म्हणे एका राजाची गाडी एवढी पळवली, की राजा मागेच राहिला.) त्याने डॅशबोर्डवर बूस्ट वाढवायचं एक बटण बसवून दिलं आणि बजावलं, “एकपर्यंत जबाबदारी माझी. पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब.” कारणही सांगितलं. पिस्टनला धरून ठेवणारे रॉड कंपनीने आपल्या हिशेबाने केलेले असतात. दाब वाढला की उष्णता वाढते, पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यात हाणतं. तो मार शेवटी रॉडने खायचा. तोफखान्याच्या आयुष्यातलं हे बहुधा पहिलंच खरं वाक्य. तुमच्या बंधूंनी राजावर विश्वास ठेवला, रॉडवर ठेवला नाही.

तरी एकवर भागलं असतं. पण आमच्या दवाखान्यासमोर दात सरळ करणारे डॉक्टर आहेत, तारवाले म्हणतात त्यांना. त्यांची अगदी अशीच गाडी आणि बूस्ट एक पॉइंट दोन. (आत आधीच दणकट रॉड घालून घेतलेत, हे मात्र त्यांनी चारचौघांत कधी सांगितलं नाही.) झालं, शर्यत ठरली. ह्यांनी बटण जरासं फिरवलं, काही झालं नाही. आणखी फिरवलं, तरी काही झालं नाही. काल मेलो नाही म्हणजे आजही मरणार नाही, ह्या हिशेबाने शर्यतीच्या सकाळी काटा एक पॉइंट चारवर पोचला.

शर्यत गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर होती. मला शेजारी बसवलं, काटा वाचायला. डोक्यावर हेल्मेट एवढं ढगळ, की मान वळवली तरी ते समोरच बघायचं. गाडी सुटली आणि वन्सं, खोटं कशाला सांगू, पाठ सीटला चिकटली, तारवाले बाजूला दिसले, मग मागे गेले आणि मला हसू आवरेना. एवढ्यात पुढून खिशात खडे भरून कोणी पळत असल्यासारखा आवाज यायला लागला.

“आवाज येतोय,” मी म्हणाले.

“येऊ दे,” तुमचे बंधू म्हणाले.

आला. जिन्यावरून भांड्यांचं कपाट लोटून द्यावं तसा. एक रॉड वाकला, मोडला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर डोकावला. धूर असा, की गाडी पुरती थांबायच्या आत मी उतरले. (त्याला उतरणं म्हणायचं तर. कंबर तिथेच गेली.) तारवाले शर्यत सोडून परत आले, चुकूनही हसले नाहीत आणि आमची गाडी स्वतःच्या दोराने गेटपर्यंत ओढून दिली. तुमच्या बंधूंना तो चांगुलपणा रॉडपेक्षा जास्त लागला.

मोडका रॉड ह्यांनी आठवण म्हणून दवाखान्यातल्या टेबलावर, हत्यारांच्या शेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी दाढ दुखणाऱ्या एका बाईंनी तो पाहिला, हा माझ्यासाठी का, असं अगदी नम्रपणे विचारलं आणि गळ्यातल्या फडक्यासकट निघून गेल्या. फडकं अजून परत आलेलं नाही. तुमच्या बंधूंनी आता गाडीचं नाव टाकलंय. भंगारात द्या म्हणतात आणि संध्याकाळी खिडकीत उभं राहून रस्त्यावरच्या गाड्या ऐकतात. माझं काही चालत नाही. ते भितात फक्त तुम्हाला. तेव्हा एक खरमरीत पत्र त्यांना लिहा, की पुन्हा ह्या नादाला लागशील तर खबरदार.

भावोजींना नमस्कार. कंबर सरळ झाली की उरलेली अंगंही पाठवते.

तुमची भावजय

ता. क. पत्रात ‘गॅरेजकडे फिरकू नकोस’ हे वाक्य जरूर घाला. जमल्यास दोनदा, आणि खाली रेघ ओढा.

दुसरा ता. क. कारण गाडी भंगारात गेलेली नाही. तोफखान्याकडे उघडून ठेवली आहे, नवीन दणकट रॉड आणि पिस्टन बसताहेत. सीटही माझ्या मापाने पुढे घ्यायला सांगितलंय. पुढच्या शर्यतीत हे शेजारी बसतील आणि काटा वाचतील, फक्त त्यांना ते शर्यतीच्या सकाळीच कळावं अशी इच्छा आहे.

तिसरा ता. क. नव्या रॉडवर एक पॉइंट चारपर्यंत जबाबदारी माझी, असं तोफखाना म्हणाला. मी त्याला दीड सांगितलंय.