पायापासून वर

३ फेब्रुवारी
हुडकेश्वरला आले एकदाची! टपाल खात्याच्या निवड यादीत नाव लागल्यापासून याच दिवसाची वाट पाहत होते. खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेची. घरमालकीण सिंधूताई एकट्याच राहतात. सामान उतरवेपर्यंत त्यांनी सगळं विचारून घेतलं: घरी कोण, लग्न काहून नाही केलं, गाव कोणतं. भिवापूर म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग मिरची आणली असशील वं!" आणली होतीच. आईने अर्धा किलो बांधून दिली होती.

६ फेब्रुवारी
माझा भाग हळूहळू कळतोय. इथले लेआउट अजब आहेत. प्लॉट ४७ च्या शेजारी १२, आणि १३ कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. गाडी कोपऱ्यावर लावायची आणि पायी फिरायचं. एका बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना रजिस्टर पत्र दिलं. त्यांनी पाणी पाजलं, नाव विचारलं आणि डायरीत 'माया पोस्टमन' असं लिहून घेतलं. दिवसभर हसू येत होतं.

९ फेब्रुवारी
रविवार. आईच्या मिरचीचं चिकन केलं. ऐन वेळी सिलिंडर संपला. हाडाजवळ थोडं गुलाबी राहिलं होतं, पण भूक एवढी लागली होती की खाऊन टाकलं.

१२ फेब्रुवारी
कालपासून ताप, जुलाब, पोटात पीळ. सिंधूताई मीठ-साखरेचं पाणी पाजतात, हाताला धरून बाथरूमपर्यंत नेतात. सख्खी माणसंही एवढं करत नाहीत.

१६ फेब्रुवारी
बरी झाले. भूकही लागली. सिंधूताई म्हणाल्या, "अंगात ताकद आहे वं तुह्या. पळवून लावलं नं दुखण्याले!" उद्यापासून कामावर.

२५ फेब्रुवारी
पायांच्या बोटांना मुंग्या येतात. नवे बूट घट्ट असतील म्हणून नाड्या सैल केल्या. संध्याकाळी अनवाणी बसले, तरी मुंग्या तशाच.

२६ फेब्रुवारी
मुंग्या घोट्याच्या वर आल्या. बंद लिफ्टच्या त्या चार मजल्यांना आज वीस मिनिटं लागली. दुखत काहीच नाही. पाय नुसते जड, ओल्या पोत्यांसारखे. उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

२७ फेब्रुवारी
सकाळी पलंगावरून उठले आणि खाली बसले. अडखळले नाही. पायांनी नुसतं सोडून दिलं. सिंधूताईंनी शेजारच्यांना हाका मारल्या, रामदासपेठेतल्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर मॅडमनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारलं. पाय उडाला नाही. पुन्हा मारलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

२८ फेब्रुवारी
आई आली. पाठीतून पाणी काढून तपासलं, मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणाऱ्या नसांची तपासणी झाली. मॅडमनी सावकाश समजावून सांगितलं. पोटातले जंतू केव्हाच मेले. माझ्याच शरीराने त्यांना ओळखलं, त्यांना मारायला अँटीबॉडी तयार केल्या. पण त्या जंतूंच्या आवरणाचा एक तुकडा माणसाच्या नसांसारखा दिसतो. जंतू संपले, तरी अँटीबॉडी शोधतच राहिल्या. आता त्यांना माझ्या नसा सापडल्यात.
आई म्हणाली, "मंग जंतूचं औषध द्या नं बाई."
मॅडम म्हणाल्या, जंतू उरलेलेच नाहीत.
मी विचारलं, हे वर कुठपर्यंत जाईल. बहुतेक जण बरे होतात, म्हणाल्या, महिने लागतात. कुठपर्यंत, ते नाही सांगितलं.
पत्रं वाटत हिंडत होते, तेव्हाही हे आत चालूच होतं.

१ मार्च
मांड्या गेल्या. माझ्या चुकलेल्या अँटीबॉडींना आवरायला इतर लोकांच्या रक्तातून काढलेल्या चांगल्या अँटीबॉडी सलाईनमधून देतायत. पाच दिवस. गुण यायला वेळ लागतो म्हणे. वेळ—
सकाळपासून बोटांना मुंग्या. हातांच्या. आईला सांगितलं नाही.

२ मार्च
पेन दोन्ही हातांनी धरलंय.
मॅडम एका श्वासात आकडे म्हणायला लावतात. सकाळी बत्तीसपर्यंत गेले. दुपारी एकवीस.
आईला वाटलं, मी विसरतेय. "नीट म्हण नं वं माया. तुले तर शंभरपर्यंत येतात."
पलीकडच्या खाटेवरचा माणूस श्वासाच्या मशीनवर आहे. भेटायला आलेले त्याच्या उशाशीच भांडत होते, तो नसल्यासारखे. त्याच्या डोळ्यातून पाणी—
कुणी पाहिलं नाही.

३ मार्च
माझ्या मुठीवर आईची मूठ—
बारा.
डावी पापणी उतरली. पाणी गिळलं की ठसका—
श्वासासाठी घशात नळी घालणार. आत्ताच. मग बोलता—
आई, हे इथल्या डॉक्टर-नर्सना वाचून दाखव. डोळे मिटले तरी मी झोपलेली नाही. सगळं ऐकू येतं. सुई टोचलेली कळते. बेशुद्ध आहे म्हणाले तर सांग, नाही म्हण, ती आत