तीन शिट्ट्या

माननीय न्यायाधीशबाई,

मी हॉलंडमधल्या रायस्वाइक गावची वत्सलाआजी. मला अक्षर येत नाही. नात अस्मिता लिहितेय, आणि मधूनमधून मला गप्प करतेय.

आमच्या शेजारच्या सोळा वर्षांच्या रोशेलला तिच्या आजीपाशी ठेवायचं की सुधारगृहात, ते तुम्ही गुरुवारी ठरवणार. दुकानातल्या भांडणात चार मुली होत्या. पोलिसांनी नेलं एकट्या काळ्या पोरीला. तेव्हापासून ती आवाजाला दचकते. घाबरल्यावर शांत कसं व्हायचं ते समुपदेशक बाई आजी-नात दोघींना शिकवतात. आजीलासुद्धा गृहपाठ! मी शाळेत गेले नाही तेच बरं.

परवा दोघी आमच्याकडे असताना कुकरची शिट्टी झाली. रोशेल भिंतीला चिकटली. पूर्वी तिची आजी ओरडली असती. या वेळी दुखऱ्या गुडघ्यांनी ती नातीजवळ जमिनीवर बसली, आणि दोघी सावकाश श्वास घेत राहिल्या. मी बोटांनी दाखवलं, अजून दोन. तिसरी झाली तशी रोशेलने स्वतः उठून गॅस बंद केला. आमच्या ह्यांना पन्नास वर्षांत ते जमलं नाही.

अस्मिता म्हणते, "आजी, असं पत्र कोर्टात चालत नाही." नको तर नको पाठवू, म्हटलं. पण बाई, पोरीला घरी पाठवा. शुक्रवारी मी वरणाचा कुकर लावणार आहे, आणि गॅस आता तीच बंद करते.

खालचा अंगठा माझाच,
वत्सला